भक्कम ट्रायपॉड आणि हेड निवडताना: मोजपट्टीपासून चाचणीपर्यंत, क्रमाने

"ट्रायपॉड घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "तुमची सगळ्यात लांब लेन्स किती मिमीची?" बहुतेकांना या प्रश्नाचा ट्रायपॉडशी संबंध लागत नाही. त्यांचं बजेट ठरलेलं असतं, खोक्यावरचा 'भार क्षमता ८ किलो' हा आकडा वाचून झालेला असतो आणि हेड (पायांवर बसून कॅमेरा धरणारा, वळवणारा भाग) काय, पायांबरोबर येतंच, अशी समजूत असते. खरेदीचा क्रमच उलटा, त्यामुळे चुकाही त्याच त्या होतात.

मीही अशी चूक केली आहे. माझा पहिला ट्रायपॉड पाठपिशवीत मावतो एवढंच बघून घेतलेला. २०० मिमीवर संध्याकाळी काढलेल्या प्रत्येक फोटोत कडा दुहेरी यायच्या. लेन्सचा फोकस बिघडलाय असं मानून ती दुरुस्तीला पाठवली. तीन आठवड्यांनी 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत आली. मग एकदा वैतागून कॅमेरा दगडी कठड्यावर ठेवला, लेन्सखाली घडी केलेला शर्ट सरकवला आणि तोच फोटो काढला. समोरच्या भिंतीतली एकेक वीट मोजून घ्यावी इतका स्वच्छ.

ट्रायपॉड कॅमेऱ्याच्या वजनाने मोडत नव्हता, कोसळत नव्हता. तो फक्त थरथरत होता. वजन पेलणं आणि थरथर लवकर विझवणं ही दोन वेगळी कामं आहेत. खोक्यावरचा आकडा पहिल्याबद्दल बोलतो, फोटो दुसऱ्यावर ठरतो. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका.

## पायरी १: आपलं सामान मोजा, लेन्सपासून सुरुवात करा

एक कागद, मोजपट्टी आणि घरातला वजनकाटा घ्या. कागदावर तीन गोष्टी लिहा: सगळ्यात लांब लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), सगळ्यात जड जोडीचं वजन (कॅमेरा, लेन्स, बॅटरी, असेल तर कॅमेऱ्याखाली जोडायची ग्रिप) आणि तुम्ही खरंच किती किलो पाठीवर घेऊन चालता. तिसऱ्या आकड्यात स्वतःशी खोटं बोलू नका. घरी राहणारा ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी उपयोगाचा नाही.

लेन्स पहिली का, ते एका हिशेबात कळेल. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रोमीटरचा असतो. २०० मिमीची लेन्स लावली की चित्र एका पिक्सेलने सरकायला जो कोन पुरतो, तो म्हणजे १ मीटर लांबीच्या दांड्याचं एक टोक जागेवर धरून दुसरं ०.०३ मिमी हलवणं. केसाच्या जाडीहून कमी. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ६०० मिमीची लेन्स असेल तर हेच अंतर ०.००७ मिमीवर येतं. २४ मिमीच्या लेन्सला जो ट्रायपॉड खडकासारखा वाटतो, तोच ४०० मिमीला बोरूच्या काडीसारखा वाटतो. वजनात फारसा फरक नसला तरी.

म्हणून लेन्सवरून गट ठरवा. १०० मिमीपर्यंत एक, २०० ते ३०० मिमीपर्यंत दुसरा, ४०० मिमी आणि पुढे तिसरा. मॅक्रो करणाऱ्यांनी लेन्स १०० मिमीची असली तरी स्वतःला दुसऱ्या गटात धरावं, कारण जवळून काढताना प्रत्येक हालचाल मोठी होऊन दिसते.

पडताळा: पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जी लेन्स घ्यायची जवळजवळ नक्की आहे, ती कागदावर आली का? ट्रायपॉड कॅमेऱ्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो. आज हातात काय आहे एवढ्यावर निवडलात तर पुढची लेन्स आली की पुन्हा खरेदी.

## पायरी २: स्वतःची उंची मोजा

इथे लोक सर्रास जाहिरातीतली 'कमाल उंची' वाचतात. त्या आकड्यात मधला दांडा (तीन पायांच्या मधून वरखाली सरकतो तो) पूर्ण वर ओढलेला असतो. तुम्हाला हवी आहे दांडा खाली असतानाची उंची.

बाहेर फिरताना घालता ते बूट घालून भिंतीला टेकून उभे राहा आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून दोन आकडे वजा करा: कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचं अंतर आणि हेडची उंची. डोळा १५८ सेमीवर, व्ह्यूफाइंडर तळापासून ८ सेमी, हेड १० सेमी. म्हणजे पायांची उंची, दांडा खाली असताना, १४० सेमी हवी. उतारावर काम करत असाल तर त्यात आणखी १० ते १५ सेमी धरा. उताराकडचा पाय जास्त लांब करावा लागतो आणि तेव्हा सपाट जमिनीवरचा हिशेब तोकडा पडतो.

स्क्रीन वाकवून कमरेच्या उंचीवर काम करायची सवय असेल तर उंचीत खुशाल कपात करा. आखूड पाय जास्त ताठ असतात आणि वजनही वाचतं. मात्र भर उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून शेवटी व्ह्यूफाइंडरला डोळा लावणारे पुष्कळ असतात. त्यांच्यातले तुम्ही आहात का, हे तुम्हालाच माहीत.

> सावध: घडी केलेली लांबी सगळ्यात आधी बघू नका. ती जितकी कमी, तितके पायांचे टप्पे जास्त आणि शेवटची नळी तितकी बारीक.

## पायरी ३: पाय निवडा

पैसे आणि वेळ सगळ्यात जास्त इथे घालवायचा आहे.

नळीचा व्यास. पातळ भिंतीच्या पोकळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २२ मिमीवरून २८ मिमी केला तर ताठपणा दुप्पट होतो. २५ वरून ३२ मिमीला गेलात तरी तेच. दिसायला सहा-सात मिमीचा फरक, पण हातात घेताच कळतो. माझा ढोबळ ठोकताळा असा: पहिल्या गटाला वरची नळी २५ मिमीच्या आसपास चालते, दुसऱ्या गटाला २८ मिमी किंवा जास्त, तिसऱ्याला ३२ मिमीपासून पुढे.

शेवटची नळी. वरची नळी बघून खूश होणारे शेवटच्या नळीकडे बघतच नाहीत. प्रत्येक टप्प्याला व्यास ३ ते ४ मिमीने घटतो. २८ मिमीपासून सुरू होणारा पाय तीन टप्प्यांचा असेल तर जमिनीला टेकणारी नळी २० ते २२ मिमीची असते. चार टप्प्यांचा असेल तर १६ ते १९ मिमीची. पाच टप्प्यांच्या प्रवासी ट्रायपॉडमध्ये शेवटी जे उरतं त्याला नळी म्हणायलाही जीभ कचरते. साखळी सगळ्यात कच्च्या कडीपाशी तुटते, पाय सगळ्यात बारीक नळीपाशी डगमगतो. गाडीतून सामान नेत असाल तर तीन टप्पे घ्या. पाठीवर बांधत असाल तर चार. पाचाला लांब लेन्सवाल्यांनी हात लावू नये.

खांदा. तिन्ही पाय जिथे येऊन मिळतात तो धातूचा भाग. याच्याकडे दुर्लक्ष होतं, पण पीळ पडतो तो इथेच. पाय ज्या खिळीवर फिरतात ती जाड हवी, आणि पाय उघडल्यावर आजूबाजूला जराही खेळ नको. पायाचे कोन बदलायचे खटके पूर्ण बसतात का, तेही बघा. अर्धवट बसलेला खटका म्हणजे लेन्ससकट आडवा पडणारा ट्रायपॉड.

ॲल्युमिनियम की कार्बन? सारख्या मापाचा कार्बनचा ट्रायपॉड साधारण २० ते ३० टक्के हलका असतो, थरथर लवकर विझवतो आणि थंडीत हाताला चटका देत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त. ठोकर लागली तर त्याला पोचा पडतो, तर कार्बनला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली नळी बदलावीच लागते. माझं मत विचाराल तर बजेट तुटपुंजं असताना बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम कधीही बरं. नुसतं 'कार्बन' हा शब्द वाचून भुलू नका, आधी व्यास बघा.

लॉक. फिरकीचं लॉक आणि खटक्याचं लॉक, दोन्ही चांगली असू शकतात. फिरकीच्या लॉकमध्ये वाळू शिरली की ते करकरतं, पण सगळी लॉक एका मुठीत धरून एकदमच सैल करता येतात. खटक्याचं लॉक बसलं की नाही ते लांबूनही दिसतं. ते कालांतराने ढिलं होतं आणि ॲलन कीने ताण वाढवावा लागतो. फिरकीचं लॉक पाव वळणात सुटायला आणि बसायला हवं. जे लॉक घट्ट करायला जोर लावावा लागतो, ते अंधारात अर्धवट राहणारच.

पायाचे तळवे. रबराचे तळवे फरशीला, टोकदार खिळे मातीला आणि गवताला. अदलाबदल करता येत असेल तर उत्तम. नसेल तर एवढ्यावरून ट्रायपॉड नाकारायचं कारण नाही.

आता तो आठ किलोवाला आकडा. भार क्षमता कशी मोजायची याचं सर्वांनी पाळावं असं एकच मानक नाही. कुणी मोडेपर्यंत वजन ठेवून बघतो, कुणी घसरेपर्यंत, कुणी आपल्याला साजेसं काहीतरी. एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांची तुलना करायला आकडा चालतो. दोन वेगळ्या उत्पादकांची तुलना त्यावरून करू नका. तरी आकड्यावरच जायची वेळ आली तर पहिल्या पायरीतल्या वजनाच्या तिप्पट धरा, आणि त्यावर विसंबून लांब लेन्स घेऊ नका.

पडताळा: कागदावर आता इतकं हवं: वरच्या नळीचा व्यास, शेवटच्या नळीचा व्यास, टप्पे, दांडा खाली असतानाची उंची, वजन. यातला शेवटच्या नळीचा आकडा माहितीपत्रकात बऱ्याचदा सापडत नाही. मग हातात घेऊन मोजा.

## पायरी ४: मधल्या दांड्याचा निकाल लावा

एका टोकाशी धरलेला दांडा दुसऱ्या टोकाला किती वाकतो, ते लांबीच्या घनावर ठरतं. दांडा १५ सेमीऐवजी ३० सेमी वर काढला तर तो आठपट वाकतो. तीन पायांवर खर्च केलेले पैसे एका दांड्यावर पाणी सोडल्यासारखे जातात.

दांडा नसलेला किंवा काढून ठेवता येणारा ट्रायपॉड मिळाला तर घ्या. दांडा नसला की पाय सपाट पसरून कॅमेरा जमिनीलगत नेता येतो, हा वरचा फायदा. दांडा असलाच तर तो आखूड आणि घट्ट बसणारा असावा. वर काढायचाच तर बोटभर, आणि तोही लांब लेन्स नसताना.

## पायरी ५: हेड वेगळं निवडा

पाय निवडून झाल्याशिवाय हेड बघू नका, आणि पायांबरोबर जोडून येणारं हेड डोळे मिटून घेऊ नका. भक्कम पायांवर लेचंपेचं हेड बसवलं तर फोटो हेडइतकाच स्थिर येतो.

बॉल हेड बहुतेकांना पुरतं. एक गुंडी सैल केली की कॅमेरा कुठेही वळतो, आवळली की थांबतो. थांबतो असं म्हणतात. प्रत्यक्षात हलक्या दर्जाच्या हेडमध्ये गुंडी आवळताना चौकट किंचित सरकते आणि हात सोडला की कॅमेरा थोडा खाली बसतो. ५० मिमीला हे लक्षात येत नाही. मॅक्रोत फूल चौकटीबाहेर जातं. तुम्ही जरा वर धरून आवळता, सोडता, बघता, पुन्हा वर धरता. चार वेळा हे केलं की प्रकाश गेलेला असतो.

गोळा जितका मोठा तितकी पकड चांगली. ३० मिमीच्या आतला गोळा फक्त हलक्या कॅमेऱ्याला ठीक. ७०-२०० मिमीसारख्या लेन्सला ३६ ते ४० मिमी बघा, त्याहून जड असेल तर ४४ मिमी किंवा मोठा. मुख्य गुंडीखेरीज घर्षणाची वेगळी गुंडी आणि तळाशी गोल फिरण्याचं वेगळं लॉक असायला हवं. घर्षणाची गुंडी नुसती शोभेची नाही. ती नीट लावून ठेवली तर मुख्य गुंडी सैल केल्यावर कॅमेरा एकदम कलंडत नाही.

> सावध: जड लेन्स बॉल हेडवर असताना मुख्य गुंडी सोडण्याआधी दुसऱ्या हाताने लेन्स धरा. लेन्स कलंडते तेव्हा बोटं प्लेट (कॅमेऱ्याच्या किंवा लेन्सच्या तळाला लावलेली पट्टी) आणि हेडच्या मानेत सापडतात. एकदा सापडली की हा नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

तीन दिशांचं पॅन-टिल्ट हेड एकेक अक्ष वेगळा हलवतं. इमारती, वस्तूंची छायाचित्रं, चित्रांच्या नकला, असं काम असेल तर हेच घ्या. क्षितिज सरळ करताना वरखालीचा कोन बिघडत नाही. दांड्या बाहेर आलेल्या असतात म्हणून पिशवीत अडकतं, आणि पळत्या विषयामागे निरुपयोगी. दातेरी चक्रांचं गिअर्ड हेड हे याच कुळातलं, आणखी सूक्ष्म आणि आणखी जड. गुंडी फिरवाल तेवढंच हलतं, सोडल्यावर खाली बसत नाही. मॅक्रो आणि वास्तुचित्रण करणाऱ्याने एकदा वापरलं की बॉल हेडकडे परत जायला त्याला जिवावर येतं.

गिंबल हेड लांब लेन्ससाठी. ५०० किंवा ६०० मिमीची लेन्स यावर गुरुत्वमध्यापाशी टांगली जाते, त्यामुळे गुंडी न आवळताही आहे त्या कोनात राहते. बसवताना दोन दिशांनी तोल साधावा लागतो. प्लेट पुढेमागे सरकवून आडवा तोल आणि लेन्सची उंची वरखाली करून उभा. दुसरा तोल न साधता गिंबल जड चालतं अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. तपासायला सोपं आहे: लेन्स वर करून सोडा, खाली करून सोडा. दोन्हीकडे जागेवर राहिली तर जमलं.

फ्लुइड हेड चलचित्रासाठी. फोटोच काढायचे असतील तर याचं वजन उगाच.

पॅनोरमावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. साध्या बॉल हेडचं गोल फिरणं गोळ्याच्या खाली असतं. तळ सपाट नसेल तर वरचा कॅमेरा सरळ दिसूनही फिरवताना क्षितिज तिरकं होत जातं. तीन पाय लांब-आखूड करत बसण्यापेक्षा हेडखाली लेव्हलिंग बेस (हेडचा तळ समपातळीत आणणारी बैठक) लावा, किंवा गोल फिरणारा क्लॅम्प (प्लेट पकडणारा चिमटा) गोळ्याच्या वर असलेलं हेड घ्या.

## पायरी ६: प्लेट आणि क्लॅम्प जुळवा

कॅमेऱ्याच्या तळाचं भोक १/४ इंची आट्याचं असतं, पायांवर हेड बसतं तो स्क्रू बहुधा ३/८ इंची. लहान ट्रायपॉडवर दोन्ही मापं भेटतात, मधे बसवायचं पितळी बुश मिळतं. एवढं बघून घेतलं की पुढचा प्रश्न प्लेटचा.

बाजूंना उतार असलेली, साधारण ३८ मिमी रुंदीची अर्का-स्विस पद्धतीची प्लेट आज सगळीकडे चालते. तीच घ्या. एकाच उत्पादकाची खास प्लेट लागणारं हेड घेतलं तर प्लेट हरवल्या दिवशी ट्रायपॉड नुसती काठी होते. मात्र 'अर्का पद्धत' असं लिहिलेल्या सगळ्या प्लेट मापात तंतोतंत सारख्या नसतात. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प हा फरक सांभाळून घेतो, खटक्याचा क्लॅम्प नेहमीच घेतो असं नाही. एका मित्राने एका उत्पादकाचा खटक्याचा क्लॅम्प आणि दुसऱ्याची प्लेट जुळवली. खटका 'टक्' करून बसला, मित्राने हात काढला, आणि कॅमेरा प्लेटसकट खडीवर. प्लेटची एकच कड खाचेत होती.

पडताळा: क्लॅम्प आवळल्यावर मानेतला पट्टा न सोडता कॅमेरा एकदा वर ओढा, एकदा पुढेमागे हलवा. मग हात काढा. प्लेटच्या टोकांना अडकणीचे छोटे स्क्रू असतात, ते काढून टाकू नका. क्लॅम्प ढिला राहिला तर प्लेट घसरून बाहेर पडण्याआधी तेच अडवतात.

उभे फोटो वरचेवर काढत असाल तर एल-प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला लागणारी काटकोनी प्लेट) घ्या. कॅमेरा बाजूला लोंबकळवला की वजन पायांच्या मध्यावरून सरकतं आणि साधी प्लेट हळूहळू फिरायला लागते. लेन्सला स्वतःची कॉलर (ट्रायपॉडवर बसवायचं लेन्सभोवतीचं कडं) असेल तर ट्रायपॉडला कॉलर लावायची, कॅमेरा नव्हे. कॅमेऱ्याच्या तळावर लांब लेन्स पेलायला लावली तर माउंटवर (लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या जागेवर) ताण येतो आणि पुढचं टोक दोलकासारखं हलतं.

## पायरी ७: घेण्याआधी चाचणी

कॅमेरा आणि सगळ्यात लांब लेन्स सोबत न्या. दूरून मागवत असाल तर परत करण्याची मुदत संपण्याच्या आत हेच घरी करा. क्रम असा:

१. पाय पूर्ण लांब करा, हेड न लावता. खांदा दोन्ही हातांनी धरून दार उघडायच्या मुठीसारखा डावी-उजवीकडे पिळा. थोडा पीळ सगळ्यांनाच पडतो. सोडल्यावर तो जागेवर येतो की तिरकाच राहतो, ते बघा.

२. खांद्यावर दोन्ही तळहात ठेवून वरून दाबा. एखादं लॉक घसरलं तर तिथेच थांबा.

३. हेड, कॅमेरा आणि लेन्स चढवा. लांबच्या एखाद्या पाटीवरच्या अक्षरांवर फोकस करा आणि लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करा. लेन्स आणि कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद. आता एका पायाला मध्यावर बोटाने टिचकी मारा आणि अक्षरं नाचायची थांबेपर्यंत सेकंद मोजा. एक-दीड सेकंदात शांत झाली तर छान. तीन-चार सेकंद नाचत राहिली तर बाहेरचा वारा त्यांना कधीच शांत होऊ देणार नाही.

४. तीच टिचकी कॅमेऱ्याला मारा. पायाला मारल्यावर लवकर शांत होतंय आणि कॅमेऱ्याला मारल्यावर होत नाही, तर खोट हेडमध्ये, प्लेटमध्ये किंवा कॉलरमध्ये आहे. पाय बदलून उपयोग नाही.

५. पाटीचं एक अक्षर चौकटीच्या बरोबर मध्यावर आणा, गुंडी आवळा, हात सोडा. अक्षर किती खाली-वर सरकलं ते हेडचं खरं प्रगतिपुस्तक.

६. डोळे मिटून सगळे पाय बंद करा आणि उघडा. विचित्र वाटेल, पण पहाटेच्या अंधारात हेच करायचं असतं.

> सावध: तिसरी आणि पाचवी चाचणी चंद्रावर घेऊ नका. चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. हेड घसरतंय की आकाश, ते कळणार नाही. आणि चाचणी पक्क्या जमिनीवर घ्या. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर शेजारून कुणी चाललं तरी अक्षरं नाचतात.

## पायरी ८: मांडणीतल्या चुका

चांगला ट्रायपॉड घेऊनही फोटो हलतात, तेव्हा बहुतेक वेळा खालच्यापैकी काहीतरी झालेलं असतं.

पाय उघडताना वरची, जाड नळी आधी. उंची पुरली तर शेवटची बारीक नळी आतच राहू द्या. अपवाद पाणी आणि चिखल: तिथे सगळ्यात खालची नळी आधी बाहेर काढा, म्हणजे तिचं लॉक पाण्याच्या वर राहतं. पाय बाजूला पूर्ण, खटक्याला टेकेपर्यंत पसरा. अर्धवट पसरलेले पाय रबरावर सरकत राहतात.

एक पाय लेन्सच्या खाली, पुढच्या दिशेला ठेवा. पुढे झुकणारं वजन त्या पायावर येतं आणि तुम्हाला मागच्या दोन पायांच्या मधे उभं राहता येतं. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला, एक चढाकडे. मऊ जमिनीत प्रत्येक पाय दाबून बसवा आणि मगच क्षितिज सरळ करा. आधी क्षितिज आणि मग पाय दाबले तर काम दोनदा होतं. ओल्या वाळूत लाटेच्या प्रत्येक फेरीत पाय थोडा खचतो, तिथे मोठी लाट गेल्यावर चौकट पुन्हा तपासा.

खांद्याखालच्या हुकाला पिशवी टांगायचा सल्ला सगळे देतात. अधांतरी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि तेच झोके कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवते. पिशवीचा तळ जमिनीला टेकेल अशी टांगा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, किमान हेडला गुंडाळा. वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. वारा फारच असेल तर पाय आखूड करा आणि गुडघ्यांवर बसा.

शटर बोटाने दाबू नका. दोन सेकंदांचा टायमर लहान लेन्सला पुरतो, पण लांब लेन्सला सातव्या पायरीत मोजलेले सेकंद आठवा आणि त्याहून जास्त वेळ द्या. रिमोट असेल तर सगळ्यात बरं. आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधी वर उचलून ठेवायची सोय वापरा, बिनआरशाचा असेल तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता फोटो सुरू करायची सोय). स्थिरीकरणाबाबत काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात, काही स्वतःच हलायला लागतात. तुमची कुठली, ते चालू आणि बंद ठेवून दोन फोटो काढले की पाच मिनिटांत कळतं.

गिंबलवर ६०० मिमीने पक्षी टिपताना मात्र हे सगळं उलट. तिथे टायमरला वेळ नसतो. डावा हात लेन्सवर, कॉलरच्या वर, हलकेच टेकवा आणि कपाळ कॅमेऱ्याला लावा. हात आणि डोकं मिळून थरथर शोषून घेतात.

समुद्रावरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा. फिरकीची लॉक पूर्ण उघडून नळ्या बाहेर काढा आणि रात्रभर सुकू द्या. नळीच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्या निघून पडतात. त्यांच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा नळीच्या भोकात बसतो. उलट्या बसवल्या तर लॉक आवळूनही नळी घसरते. म्हणून एका वेळी एकच पाय उघडा. दुसरा पाय नमुन्यासाठी समोर राहतो.